फुगलेला डबा आणि जप्तीचा कायदा

बीड जिल्ह्यातून बालाघाटच्या डोंगररांगा गेल्या आहेत. त्यांच्या उतारावरील हलक्या, मुरमाड जमिनीत सीताफळाचे झाड पूर्वापार वाढत आले आहे. पावसाळा सरू लागला की धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी या भागांतून सीताफळांच्या पाट्या बाजारात येऊ लागतात. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केसर आंब्याच्या बागांनीही जिल्ह्यात मूळ धरले आहे. या दोन्ही फळांची अडचण मात्र एकच आहे : माल एकदम तयार होतो आणि फार काळ थांबत नाही. डोळे उघडलेले सीताफळ पिकले की दोन-तीन दिवसांत त्याचा निकाल लावावा लागतो. भाव पडला म्हणजे पाटीच्या पाटी उकिरड्यावर जाते. तेव्हा फळाचा गर काढून तो टिकवावा आणि चार महिन्यांनी बऱ्या भावाने विकावा, हा विचार बागायतदारांच्या व महिला बचत गटांच्या मनात येतो. तो योग्यही आहे.

परंतु पाटीतले फळ नासले तर ते डोळ्यांना दिसते आणि नाकाला कळते. डब्यात बंद केलेले फळ नासले तर घेणाऱ्यास ते कळेलच असे नाही. विकणारा दुकानदारही डबा उघडून पाहू शकत नाही. या अडचणीतूनच नासके डबाबंद अन्न शासनाने ताब्यात घ्यावे, असा कायदा निरनिराळ्या देशांत जन्मास आला. डबा का बिघडतो, बिघडलेला डबा कायद्याने कसा जप्त होतो, आणि प्रामाणिक उत्पादकाने आपला माल व आपले नाव दोन्ही कसे राखावे, या तीन गोष्टींचा विचार पुढे क्रमाने केला आहे.

डबा का फुगतो

अन्न बंद भांड्यात घालून उकळत्या पाण्यात ठेवले असता ते पुष्कळ दिवस टिकते, ही गोष्ट फ्रान्समधील निकोला आपेर यांनी प्रयोगाने सिद्ध केली आणि १८१० मध्ये आपली रीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती का टिकते हे त्या काळी कोणासच सांगता येत नव्हते. उष्णतेने सूक्ष्म जीव मरतात आणि बंद झाकणामुळे नवे आत येऊ शकत नाहीत, हे कारण लुई पाश्चर यांच्या संशोधनाने अर्ध्या शतकानंतर स्पष्ट झाले. डबाबंदीचे सारे शास्त्र या दोनच वाक्यांत आहे : आत असलेले मारावे, बाहेरचे आत येऊ देऊ नये.

चांगल्या डब्यात गर गरम असताना झाकण बसवलेले असते. डबा थंड झाला की आतील वाफेचे पाणी होते, आत पोकळी निर्माण होते आणि डब्याची दोन्ही टोके किंचित आत ओढली जातात. हे सुस्थितीचे लक्षण होय. टोके सपाट किंवा बाहेर आलेली दिसली तर आत वायू धरला आहे असे समजावे. सुरुवातीस डबा जोराने टेकवला तरच एक टोक बाहेर येते व दाबल्यावर आत जाते. पुढे एक टोक दाबले की दुसरे उठते. त्यानंतर दोन्ही टोके फुगतात पण अंगठ्याने थोडी दबतात. शेवटी ती इतकी ताठ होतात की अंगठ्याने मुळीच दबत नाहीत. असा डबा सांध्यात फुटूही शकतो.

फुगण्याची कारणे मुख्यतः चार आहेत.

पहिले कारण अपुरी उष्णता. डबा मोठा, गर घट्ट आणि वेळ कमी असला म्हणजे कडेचा गर तापतो, पण मधला कोमटच राहतो. तेथे जगलेले जिवाणू किंवा यीस्ट वाढतात आणि वायू सोडतात. बीड परिसरात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. समुद्रसपाटीपासून ५००-६०० मीटर उंचीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला न उकळता सुमारे ९८ अंशांनाच उकळते. कोकणातील कारखान्याचा वेळ जसाच्या तसा येथे वापरणे म्हणूनच बरोबर नाही.

दुसरे कारण झाकणाचा सदोष सांधा. डबा उकळत्या पाण्यातून काढून थंड पाण्यात टाकला की आत पोकळी होऊ लागते आणि अजून नीट न बसलेल्या सांध्यातून थेंबभर पाणी आत ओढले जाते. ते पाणी अस्वच्छ असेल तर साऱ्या उष्णतेचे श्रम वाया जातात. बीड हा पाण्याच्या टंचाईचा जिल्हा आहे. डबे थंड करण्याचे पाणी पुन्हा पुन्हा वापरण्याचा मोह येथे होतो. पाणी वाचवावे, परंतु ते गाळलेले व क्लोरीन घातलेले असल्याखेरीज डब्याला लावू नये.

तिसरे कारण आम्लाची पत्र्यावर होणारी क्रिया. फार आंबट गर आतल्या लेपाचा ओरखडा सापडला की पत्रा खातो आणि हायड्रोजन वायू तयार होतो. यात जिवाणूंचा हात नसतो.

चौथे कारण डबा फाजील भरणे. गर काठोकाठ भरला किंवा थंड असताना झाकण लावले, तर टोके आत ओढली जाण्यास जागाच राहत नाही. मग मार्च-एप्रिलच्या उन्हात असा डबा नासला नसतानाही फुगलेला दिसतो.

यांपैकी कोणत्या कारणाने डबा फुगला हे बाहेरून पाहून कोणासही सांगता येत नाही. हा मुद्दा विसरता कामा नये. ‘हा तर नुसता हवेने फुगला आहे’ असे दुकानदार म्हणतो तेव्हा तो अंदाज करीत असतो, आणि त्या अंदाजाची किंमत खाणाऱ्याला मोजावी लागते. म्हणून कायद्याने फुगलेल्या सर्व डब्यांकडे प्रथम एकाच संशयाने पाहिले आहे.

आंबट फळ आणि गोड फळ

सर्व फळांस एकच डबाबंदी लागू पडते, ही समजूत सर्वांत घातक आहे. फळातील आम्लता सामूच्या आकड्याने मोजतात. सामू जितका कमी, तितके फळ आंबट. ४.६ हा सामू सीमारेषा मानला जातो. त्याखालच्या आंबट पदार्थांत मातीतून येणारा बोटुलिनम नावाचा जिवाणू वाढू शकत नाही, म्हणून त्यांस उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. त्यावरच्या पदार्थांत मात्र तो वाढू शकतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही कित्येक तास तग धरतात. त्यांस मारण्यासाठी दाबाखालील वाफेची, सुमारे १२१ अंश सेल्सिअसची उष्णता लागते. या जिवाणूला हवा नको असते; बंद डबा म्हणजे त्याला हवे तेच घर. त्याचे विष अत्यल्प प्रमाणातही जीवघेणे असते. दृष्टी दुहेरी होते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. ताप बहुधा नसतो. असा डबा प्रत्येक वेळी फुगतोच किंवा त्यास घाण येतेच असेही नाही.

आंब्याच्या गराचा सामू सामान्यतः ४ च्या आसपास असतो. तो थोडा अधिक भरल्यास लिंबूसत्त्व घालून खाली आणता येतो. सीताफळाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या गराचा सामू ५ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. म्हणजे जिभेला आणि व्यापारात जे फळ आहे, ते डबाबंदीच्या दृष्टीने भाजीच्या वर्गात मोडते. त्यात आणखी एक पेच आहे. सीताफळाचा गर सुमारे ६५ अंशांवर तापवला की कडवट होऊ लागतो आणि त्यास गुलाबी झाक येते. तेव्हा कमी तापवून डबा बंद करावा असे कोणासही सहज सुचते. कमी आम्ल, कमी उष्णता आणि बंद झाकण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे बोटुलिनमला आमंत्रणच दिल्यासारखे होते. झाडाखाली पडून उकललेल्या फळास माती लागलेली असते, हेही येथे आठवावे.

हा धोका केवळ पुस्तकी नव्हे. १९१९ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन येथे एका मेजवानीत काळी ऑलिव्ह फळे वाढण्यात आली. ती कॅलिफोर्नियातून काचेच्या बरण्यांत बंद होऊन आली होती. ती खाल्ल्याने सात माणसे दगावली. त्याच सुमारास इतर शहरांतही अशाच ऑलिव्ह फळांनी बळी घेतले. ऑलिव्हचा कडूपणा घालवण्यासाठी ते क्षाराच्या पाण्यात मुरवतात आणि त्यात त्याचे आम्लही निघून जाते. फळ म्हणून त्यास दिलेली उष्णता त्यामुळे पुरी पडली नाही. ऑलिव्हच्या बरण्या ठिकठिकाणी ताब्यात घेऊन नष्ट करण्यात आल्या. एका वर्षाच्या आत, ऑगस्ट १९२० मध्ये, कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाने अशा ऑलिव्हला सुमारे ११६ अंश सेल्सिअसची उष्णता ४० मिनिटे देणे सक्तीचे केले. काही थोड्या कारखान्यांच्या चुकीने साऱ्या प्रांताच्या ऑलिव्हचे नाव बाजारात खराब झाले. मानांकन लाभलेल्या फळाच्या जिल्ह्याने या उदाहरणाकडे विशेष लक्ष द्यावे.

जप्तीचा कायदा कसा घडला

भारतात १८६० च्या दंड संहितेतच अपायकारक अन्न विकणे हा गुन्हा ठरवला होता. परंतु अन्न अपायकारक आहे हे विकणाऱ्यास ठाऊक होते, असे सिद्ध करावे लागे. गुन्हा शाबीत झाल्यावर न्यायालय ते अन्न नष्ट करण्याचा हुकूम देऊ शके. तोवर माल खपून गेलेला असे. म्हणजे शिक्षा होती, पण खाणाऱ्याचे संरक्षण नव्हते.

या बाबतीत अमेरिकेच्या १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याने एक नवी दिशा दाखवली. तेथे सरकार खुद्द मालावर खटला भरू लागले. मालक कोण, त्याचा हेतू काय, हे प्रश्न नंतरचे. माल नासका असेल तर तो आधी ताब्यात घ्यावा, असा हा विचार होता. या कायद्याची अंमलबजावणी तेथील शेती खात्याच्या रसायन विभागाकडे होती, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. मुक्कामी पोहोचलेला माल आता जप्त करता येणार नाही, असा वाद एका कंपनीने काढला. तो खटला बोरिक आम्ल घातलेल्या अंड्यांच्या ५० डब्यांचा होता. १९११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वाद फेटाळला. निषिद्ध माल जेथे सापडेल तेथे धरता येतो, असे तत्त्व त्यातून पक्के झाले.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९२५ मध्ये भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे तो येथे लागू नव्हता. फळांच्या पदार्थांवर नियंत्रण ठेवणारा पहिला आदेश महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये निघाला. पुढे संसदेने अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४ संमत केला आणि तो १ जून १९५५ पासून अमलात आला. त्या दिवशी बीड हैदराबाद राज्यात होते; ते १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. राज्ये बदलली तरी हा कायदा एकच राहिला. १९५५ मध्येच अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली फळ उत्पादने आदेश निघाला. त्याने डबाबंद फळे, मुरंबे, सरबते करणाऱ्यांस परवाना सक्तीचा केला.

१९५४ च्या कायद्यात ‘भेसळ’ या शब्दाचा अर्थ व्यापक ठेवला होता. दुधात पाणी घालणे ही भेसळ होतीच. पण अन्न पूर्णतः किंवा अंशतः सडलेले, कुजलेले, किळसवाणे, किडलेले अथवा माणसाच्या खाण्यास अयोग्य असेल तर तेही भेसळयुक्तच मानले जाई. मग त्यात कोणी काही मिसळलेले नसले तरी चाले. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा मूळ कायद्यात होती. पुढील दुरुस्त्यांनी ती अधिक कडक झाली. माल कसा आहे हे ठाऊक नव्हते, एवढी सबब विक्रेत्यास पुरत नसे.

फळ उत्पादने आदेशाने डब्याची कसोटीही घालून दिली. डब्यात समुद्रसपाटीच्या पातळीवर बाहेरच्या हवेपेक्षा अधिक दाब नसावा, आणि डबा ३७ अंश सेल्सिअसला एक आठवडा ठेवला असता त्यात जिवाणूंच्या वाढीचे चिन्ह दिसू नये, अशी ती होती. ‘समुद्रसपाटीच्या पातळीवर’ हे शब्द सहेतुक होते. किनाऱ्यावर बंद केलेला डबा डोंगरावर नेला की बाहेरच्या हवेचा दाब कमी होऊन टोके थोडी उठू शकतात. अशा निर्दोष डब्यास उगाच दोष लागू नये, ही काळजी त्यात होती.

हा अधिनियम आणि हा आदेश आज राहिले नाहीत. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि त्याने त्यांची जागा घेतली. जप्तीचे मूळ तत्त्व मात्र कायम आहे.

जप्ती कशी होते

१९५४ च्या कायद्याप्रमाणे अन्न निरीक्षक दुकानात, गोदामात किंवा कारखान्यात शिरून तपासणी करू शके. एखादा माल भेसळयुक्त दिसल्यास तो उचलून नेण्याचा किंवा विक्रेत्याच्याच ताब्यात सुरक्षित ठेवण्याचा अधिकार त्यास होता. या वेळी साक्षीदार बोलावून त्यांच्या सह्या घेतल्या जात. नमुना घेताना लेखी सूचना द्यावी लागे आणि मालाची बाजारभावाने किंमतही द्यावी लागे. मूळ कायद्यानुसार नमुन्याचे तीन भाग करून त्यांवर मोहोर लावत. एक भाग विक्रेत्यास, दुसरा लोक विश्लेषकास, तिसरा न्यायालयासाठी. बंद डब्यांच्या बाबतीत सारखेच लेबल असलेले डबे न उघडता नमुना म्हणून घेता येत. लोक विश्लेषकाचा अहवाल मान्य नसल्यास कलकत्त्याच्या केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे नमुना पाठवण्याची मागणी करता येई, आणि तिचा निर्णय अंतिम मानला जाई. जप्त माल न्यायदंडाधिकाऱ्यापुढे ठेवला जाई. तो नासका ठरल्यास सरकारजमा करून नष्ट करण्याचा हुकूम होई. निर्दोष ठरल्यास मालकास परत मिळे.

आजच्या कायद्यात अन्न निरीक्षकाच्या जागी अन्न सुरक्षा अधिकारी आहे. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा भाग, व्यावसायिकाने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. ही मागणी त्याच वेळी लेखी करावी. विश्लेषकाने अहवाल १४ दिवसांत द्यावयाचा असतो आणि त्याविरुद्ध अपील करता येते. नाशवंत माल खाण्यास अयोग्य इतका बिघडला असेल तर सूचना देऊन तो नष्ट करता येतो. सबळ कारण नसता त्रास देण्याच्या हेतूने जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यासही दंडाची तरतूद जुन्या कायद्यात होती व नव्यातही आहे. कायदा उत्पादकाच्या विरुद्ध उभा आहे, ही समजूत म्हणून खरी नाही.

जप्त करून आपल्याच ताब्यात ठेवलेला माल मालकाने हलवू नये, विकू नये, बदलू नये. आणि लेखी आदेशाशिवाय नष्टही करू नये. लाजेखातर रात्रीतून डबे पुरून टाकणारा मनुष्य आपला बचाव स्वतःच पुरून टाकतो.

प्रामाणिक उत्पादकाचे कवच

दुकानात फुगलेला डबा सापडला तर दोष कोणाचा? दुकानदाराने परवानाधारक उत्पादकाकडून लेखी हमीसह माल घेतला असेल आणि तो आला तसाच नीट ठेवला असेल, तर जुन्या कायद्यात त्यास बचाव मिळे आणि जबाबदारी उत्पादकाकडे जाई. मालाचा माग मागे मागे उत्पादकापर्यंत नेण्याचा हा विचार आजच्या कायद्यातही आहे. म्हणून प्रश्न शेवटी जेथे गर शिजला त्या भट्टीपाशी येऊन थांबतो.

असे समजा की, एका गटाने सहा दिवसांत आंब्याच्या गराचे ६०० डबे भरले. दररोज १०० डबे झाले. चौथ्या दिवशी वीज गेली, उकळी मोडली आणि तरीही डबे बाहेर काढले गेले. दोन महिन्यांनी दुकानात पाच डबे फुगले. गटाने डब्यांवर दिवसाचा खूण-क्रमांक घातला असेल आणि वहीत त्या दिवसाचे तापमान, वेळ व सामू लिहिला असेल, तर फुगलेले पाचही डबे चौथ्या दिवसाचे आहेत हे लगेच दिसते. ते १०० डबे परत मागवता येतात. उरलेल्या ५०० डब्यांसाठी वही साक्ष देते. खूण-क्रमांक नसेल तर फुगलेला डबा कोणत्या दिवसाचा हे गटालाही सांगता येत नाही, मग अधिकाऱ्याने ते कसे ओळखावे? अशा वेळी ६०० च्या ६०० डबे संशयाखाली येतात आणि तो संशय वाजवीच असतो.

फळ उत्पादने आदेशाने डब्यावर परवाना क्रमांक व खूण-क्रमांक सक्तीचा केला होता, तो यासाठीच. आजही लेबलावर १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आणि बॅच क्रमांक असावा लागतो. पुष्कळांस ही सरकारी कटकट वाटते. वास्तविक, चांगला माल वाईट मालापासून वेगळा काढणारी ती एकच रेघ आहे.

गर टिकवताना घ्यावयाची दक्षता

१. फळ पूर्ण पिकलेले पण न नासलेले घ्यावे. नासका भाग कापून उरलेले फळ गरात घालू नये. बुरशीचे काही प्रकार उकळीलाही दाद देत नाहीत.

२. फळे स्वच्छ पाण्याने धुवावीत. जमिनीवर पडून उकललेले सीताफळ प्रक्रियेस घेऊ नये.

३. प्रत्येक दिवसाच्या गराचा सामू मोजावा. आंब्याचा गर ४.६ च्या बराच खाली असल्याची खात्री करावी. आवश्यक तर लिंबूसत्त्व घालावे. जिभेवर विसंबू नये. साखरेमुळे आंबटपणा जिभेला कळत नाही.

४. सीताफळाचा गर घरगुती डब्यात किंवा बरणीत बंद करून शिजवून ठेवू नये. तो उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड गोठवून ठेवणे हीच त्याची योग्य रीत आहे. बिया गरातून अखंड काढाव्यात. त्या भरडल्या गेल्यास गर कडवट होतो व अपायकारकही ठरतो.

५. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, केवळ थांबतात. वीज जाऊन वितळलेला गर पुन्हा गोठवून विकू नये.

६. डब्याचा आकार आणि गराचा घट्टपणा पाहून उष्णतेचा वेळ तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावा व तो भिंतीवर लिहून ठेवावा. वेळ पाण्याला उकळी फुटल्यापासून मोजावा.

७. डबे लगेच थंड करावेत, कोरडे पुसावेत आणि गरम असताना रचून ठेवू नयेत.

८. प्रत्येक दिवसाचे काही डबे बाजूस काढून ३७ अंशांच्या उबेत एक आठवडा ठेवावेत. त्यांपैकी एकही फुगला तर त्या दिवसाचा माल बाहेर जाऊ देऊ नये. शासनाने करावयाची परीक्षा उत्पादकाने आधीच करून घेणे, हे सर्वांत स्वस्त होय.

फुगलेला डबा हाती आल्यास

तो उघडू नये, खिळ्याने भोक पाडून वायू काढू नये, चाखून पाहू नये आणि पुन्हा उकळू नये. भोक पाडून डाग देऊन विकलेला डबा हा चुकीचा नव्हे, फसवणुकीचा माल ठरतो. डबा वेगळा ठेवून त्यावरील क्रमांक लिहून घ्यावा. त्याच क्रमांकाचे सर्व डबे विक्रीतून काढावेत, दुकानदारांस कळवावे आणि जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयास लेखी माहिती द्यावी. जनावरांस तो गर घालू नये. उकिरड्यावर फेकल्यास कुत्री व गुरे तो खातात, म्हणून विल्हेवाट अधिकाऱ्याच्या सल्ल्यानेच लावावी. डबाबंद पदार्थ खाल्ल्यानंतर कोणास दुहेरी दिसू लागले किंवा गिळणे जड झाले, तर क्षणाचाही विलंब न लावता त्यास रुग्णालयात न्यावे आणि उरलेला डबा न फेकता सोबत द्यावा.

नासका माल जप्त झाला म्हणजे नुकसान झाले, असे मानण्याची रीत आहे. परंतु नुकसान त्याआधीच, ज्या दिवशी उकळी अपुरी राहिली त्या दिवशी झालेले असते. जप्तीने ते नुकसान दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी थांबते, इतकेच. बालाघाटच्या माळावरील सीताफळास जे नाव मिळाले आहे ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने मिळाले आहे. ते टिकवण्यासाठी लागणारी साधने फार मोठी नाहीत : सामू मोजण्याचे उपकरण, तापमापी, घड्याळ आणि रोज भरलेली एक वही.